माशांच्या टँकमधले पाणी: किती गार, किती ऊन?

वाचकाचे पत्र:

आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा फिश टँक आहे. तो पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवला आहे. त्यात दोन गोल्डफिश, चार एंजल आणि आठ-दहा गप्पी होते. गेल्या मे महिन्यात एका दुपारी एक गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही बर्फाचे खडे टाकले, पण संध्याकाळपर्यंत तो गेला. डिसेंबरमध्ये एका रविवारी मुलीने नेहमीप्रमाणे अर्धे पाणी बदलले. चार दिवसांनी एंजलच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले आणि दोन एंजल गेले. दुकानदाराने ३०० वॉटचा हीटर दिला आहे, तो अजून लावलेला नाही. पाण्याचे योग्य तापमान किती? उन्हाळ्यात ते गार कसे ठेवावे? हा हीटर लावावा का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीजही जाते. मुलगी अकरा वर्षांची आहे. आपण पाणी बदलले म्हणूनच मासे मेले, असे तिने मनाला लावून घेतले आहे.

— एक वाचक, नागपूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य आधी घेतो. आपल्या मुलीने पाणी बदलले ते योग्यच केले, आणि ते काम ती नियमाने करत होती म्हणूनच आपले मासे इतके दिवस टिकले, असे तिला जरूर सांगा. तिला कोणी न सांगितलेली गोष्ट एकच होती. डिसेंबरच्या सकाळी नळाला येणारे पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत उघड्या आभाळाखाली गारठलेले असते. टँकमधले पाणी २२ अंश सेल्सिअस आणि नळाचे १४ अंश असेल, तर अर्धे पाणी बदलताच टँक पाच-दहा मिनिटांत १८ अंशांवर येतो. चार अंशांची ही घसरण आपल्या हाताला जेमतेम जाणवते. मासा मात्र आपल्यासारखी अंगातली ऊब राखू शकत नाही. भोवतालच्या पाण्याचे जे तापमान, जवळजवळ तेच त्याच्या शरीराचे असते, आणि त्याचा श्वास, पचन, रोगाशी लढण्याची ताकद हे सगळे त्या तापमानाच्या तालावर चालते. हा ताल एकदम मोडला की मासा दुबळा होतो आणि पाण्यात थोड्या प्रमाणात आधीच असलेल्या परजीवीचे फावते. आपल्या एंजलना झाला तो बहुधा हाच रोग, ज्याला मासे पाळणारे ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात.

म्हणून ‘योग्य तापमान किती’ या प्रश्नाच्याही आधी मी तापमान किती वेगाने बदलते हे पाहायला सांगेन. एंजलसाठी २६ अंश उत्तम, पण टँक स्थिरपणे २४ किंवा २८ अंशांवर राहिला तरी तो मासा आनंदाने जगतो. तोच टँक दुपारी ३१ आणि पहाटे २५ असा रोज हेलकावत राहिला तर काही आठवड्यांत मासे मलूल होऊ लागतात. तापमान मुद्दाम वाढवायचे किंवा उतरवायचे असेल तेव्हा तासाला एका अंशाहून आणि दिवसाला दोन-तीन अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये, ही मर्यादा मी स्वतः कटाक्षाने पाळतो.

आपल्या पत्रात तापमानाचा एकही आकडा नाही, यावरून टँकमध्ये थर्मामीटर नसावा असे दिसते. तो आधी आणा. बाहेरून काचेला चिकटवायची रंग बदलणारी पट्टी स्वस्त मिळते, पण ती काचेचे तापमान दाखवते आणि काचेवर खोलीतल्या हवेचा परिणाम होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पाण्यात बुडणारा काचेचा थर्मामीटर किंवा वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल घ्या. डिजिटलचा संवेदक बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात पाच मिनिटे ठेवल्यावर शून्याच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मग आठ दिवस सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता आकडा वहीत लिहायचे काम मुलीकडे द्या. पुढे काय करावे लागेल आणि किती, हे त्या वहीतूनच कळेल.

आता माशांविषयी. एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे आणि त्याला २४ ते २९ अंश मानवतात. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. त्याची सहनशक्ती मोठी आहे आणि २३ ते २८ अंशांत तो उत्तम राहतो. गोल्डफिश मात्र चीनमधल्या तळ्यांतल्या कार्प जातीच्या माशापासून शेकडो वर्षांत घडवलेला, थंड पाण्याचा मासा आहे, आणि त्याला १८ ते २४ अंश लागतात. एंजलला सुखाचे असलेले पाणी गोल्डफिशला आधीच ऊन होते, तेव्हा या दोघांना एका टँकमध्ये ठेवून दोघांनाही समाधान देणारे तापमान सापडणार नाही. दुकानात हे मासे शेजारीशेजारी मांडलेले असतात आणि घेणाऱ्याला ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मे महिन्यात आपल्या गोल्डफिशचे काय झाले असावे, ते समजून घेतले की उपायही आपोआप सुचतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण दहा अंशांच्या वाढीने त्याच्या शरीरातला व्यापार साधारण दुपटीने वेगवान होतो. म्हणजे मिळकत घटते आणि खर्च दुप्पट होतो. त्यात भर म्हणून माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात येणारा अमोनिया तापलेल्या पाण्यात अधिक विषारी रूप घेतो: पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी वाटा २० अंशांना चार टक्क्यांच्या आत असतो आणि ३० अंशांना साडेसात टक्क्यांवर जातो. तो कल्ल्यांना इजा करतो, आणि कल्ले दुखावलेला मासा असलेला प्राणवायूही नीट घेऊ शकत नाही. पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकणे ही त्या सगळ्याची शेवटची खूण असते. अशा वेळी पहिले काम पाणी गार करण्याचे नसून पाणी खळबळवण्याचे आहे. एअर पंप पूर्ण वेगाने चालवावा, फिल्टरची धार पृष्ठभागावर पडेल अशी वळवावी, आणि काहीच हाताशी नसेल तर तांब्याने टँकमधलेच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे.

बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका. खडा वितळतो त्या जागी एकदम थंड पाण्याचा लोट उतरतो, मासा त्यातून जातो आणि लगेच ऊन पाण्यात परत येतो, शिवाय नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर क्लोरीनही टँकमध्ये जाते. अगदी नाइलाज झाला तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून टँकमध्ये तरंगत ठेवावी. आपल्या टँकमध्ये रेती आणि वरची मोकळी जागा वगळता अंदाजे ६० लिटर पाणी असेल. त्यात अशी एक बाटली पूर्ण वितळली तर तापमान एका अंशाने उतरते, त्याहून फारसे नाही. एका तासाला एक बाटली, एवढा हिशेब सुरक्षित आहे. पण ४५ अंशांच्या दुपारी हा उपाय दिवसभर पुरवणे शक्य नसते आणि बाटल्या संपल्या की पाणी पुन्हा चढते, म्हणून तो फक्त अडीनडीला वापरावा.

रोजच्या उपयोगाचा उपाय नागपूरकरांना वेगळा शिकवावा लागू नये, कारण घरातला माठ आणि खिडकीतला कूलर त्याच तत्त्वावर चालतात. पाणी वाफ होऊन उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. ही उष्णता केवढी मोठी असते ते पाहा: टँकमधून एक लिटर पाणी उडून जाते तेव्हा पाच किलो बर्फ घातल्याएवढे काम होते. टँकवरचे काचेचे झाकण काढून तिथे बारीक जाळी बसवा, म्हणजे मासे बाहेर उडी मारणार नाहीत, आणि छोटा पंखा असा लावा की त्याचा वारा पृष्ठभागावरून तिरका वाहील. विदर्भातल्या कोरड्या हवेत एवढ्यानेच पाणी दोन ते चार अंशांनी खाली राहते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हाच पंखा जेमतेम एक-दीड अंशाचा फरक पाडतो, आणि आपल्याकडेही पाऊस सुरू झाला की त्याचा प्रभाव ओसरतो, पण तोवर हवाच उतरलेली असते. पंखा दुपारी चार तास चालवून बंद केला तर पाण्याला पुन्हा हेलकावा बसतो; तो सकाळी पाणी तापायला लागण्याआधी सुरू करून रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावा.

या उपायाची एक बाजू मात्र लक्षात ठेवावी लागते. पंख्याने रोज लिटर-दीड लिटर पाणी उडेल, पण त्यातले क्षार मागेच राहतील, आणि तूट नळाच्या पाण्याने भरत गेलात तर महिन्याभरात टँकमधले पाणी जड होऊन बसेल. उडालेले पाणी भरताना घरातल्या आरओचे पाणी वापरा आणि नेहमीचे पाणी बदलणे त्याव्यतिरिक्त चालू ठेवा.

टँक पश्चिमेच्या खिडकीतून हलवणे तर अपरिहार्य आहे, आणि ते काम मार्चमध्येच, पाणी काढून, करून घ्या. आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, जिथे थेट ऊन येत नाही आणि कूलर चालतो त्याच खोलीत जागा पाहा. मागच्या काचेला आणि तळाखाली इंचभर जाडीचा थर्मोकोल लावला तर उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत यायला आणि हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जायला वेळ लागतो. टँकमध्ये बुडवून चालवायचा पंप किती वॉटचा आहे तेही बघा. १८-२० वॉटचा पंप आपली बहुतेक सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने पाण्यात सोडतो आणि एवढ्या टँकचे तापमान त्याने दोन-तीन अंशांनी वर राहते. उन्हाळ्याचे तीन महिने त्याच्या जागी बाहेर ठेवायचा एअर पंप आणि स्पंजचा फिल्टर वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मात्र नवा स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या फिल्टरच्या सोबतीने चालवावा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वसतील. दिवे संध्याकाळी, आणि तेही पाच-सहा तासच लावावेत.

पाणी बदलण्याविषयी आधी जे हिवाळ्यासाठी म्हटले ते उन्हाळ्यात उलट्या दिशेने लागू होते, कारण मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. आदल्या रात्री दोन बादल्या भरून टँकच्याच खोलीत ठेवाव्यात, अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत, आणि सकाळी बादलीतल्या व टँकमधल्या पाण्याचे आकडे मोजून दोन्हींत एका अंशाहून अधिक फरक नसेल तरच पाणी घालावे. हिवाळ्यात बादलीचे पाणी कमी भरले तर त्यातलेच थोडे पाणी स्वच्छ पातेल्यात ऊन करून मिसळावे. एका वेळी अर्ध्याऐवजी पाव टँक पाणी बदलणे पुरेसे आहे.

नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ दिवसांत, मासे भुकेले दिसले तरी खाणे निम्म्यावर आणा आणि ते सकाळीच द्या. पोट भरलेल्या माशाला पचनासाठी जास्त प्राणवायू लागतो आणि उरलेले खाणे तापलेल्या पाण्यात झपाट्याने सडते.

वीज जाते तेव्हा आधी चिंता प्राणवायूची करावी, तापमानाची नंतर. ६० लिटर पाणी हळू तापते आणि हळूच निवते; खोली टँकपेक्षा दहा अंशांनी गार असली तरी टँक तासाला एका अंशाहून कमीच उतरतो. पण पंप थांबल्यावर गर्दीच्या टँकमधला प्राणवायू उन्हाळ्यात काही तासांत संपू शकतो. सेलवर चालणारा किंवा मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या आणि महिन्यातून एकदा तो चालतो की नाही ते पाहत जा.

आता हीटर. दुकानदाराने दिलेला ३०० वॉटचा हीटर या टँकमध्ये लावू नका. तो परत करा किंवा बदलून घ्या. साधारण नियम लिटरमागे एक वॉट असा आहे, आणि आपल्याला ५० वॉटचा, खोली फारच गारठत असेल तर ७५ वॉटचा हीटर पुरेल. मोठ्या हीटरचा धोका असा की हीटरमधला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग, कधी ना कधी अडकतो, आणि तो बहुधा चालू स्थितीतच अडकतो. ३०० वॉटचा हीटर आपला टँक दर पंधरा मिनिटांनी एका अंशाने तापवेल. मध्यरात्री तो अडकला तर तीन तासांत १० अंशांहून अधिक वाढ होईल आणि सकाळी काही उरणार नाही. ५० वॉटच्या हीटरला एक अंश वाढवायला जवळजवळ दीड तास लागतो आणि खोलीपेक्षा दहाएक अंशांवर गेल्यावर तो पाणी आणखी तापवूच शकत नाही. हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. पुण्यात एका जानेवारीत माझ्या ४० लिटरच्या टँकमध्ये २०० वॉटचा हीटर अडकला आणि सकाळी उठलो तेव्हा थर्मामीटरवर ३८ अंश होते. त्या टँकमधला एकही निऑन टेट्रा वाचला नाही, आणि हीटरवर तर २५ अंशांचीच खूण लावलेली होती.

हीटर फिल्टरच्या धारेजवळ लावावा आणि थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ऊब सगळीकडे पोचते का ते कळते. हीटरवरच्या आकड्यापेक्षा थर्मामीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवून खूण जुळवावी. पाणी बदलण्याआधी वीस मिनिटे हीटर बंद करावा, कारण तापलेली काच पाण्याबाहेर आली किंवा तिच्यावर गार पाणी पडले तर ती तडकते. वायरला सॉकेटच्या खालच्या पातळीपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळी उपकरणे बंद करून प्लग काढायचा, हा नियम मुलीला पहिल्या दिवसापासून लावा. यात मी कोणतीही सवलत देणार नाही.

पुढे पुन्हा ठिपके दिसलेच, तर उबेचा उपयोग औषधाच्या जोडीने होतो. या परजीवीचे चक्र २५ अंशांच्या आसपास आठवडाभरात पुरे होते आणि गार पाण्यात दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळते. औषध मात्र तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच त्याला मारू शकते, अंगावर ठिपका असतो तेव्हा नाही. एंजलचा टँक दोन दिवसांत हळूहळू २८-२९ अंशांवर नेऊन, हवेचे बुडबुडे वाढवून, दुकानातले व्हाइट स्पॉटचे औषध डब्यावरील प्रमाणात द्यावे आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर चालू ठेवावे. ठिपके दिसेनासे होताच औषध थांबवणे ही इथली नेहमीची चूक आहे.

उरला तो दुसरा गोल्डफिश. पंखा, थर्मोकोल, कूलर हे सगळे करूनही मे महिन्यात आपला टँक २९-३० अंशांच्या खाली राहील असे मला वाटत नाही. एंजल आणि गप्पी त्यात निभावतील, गोल्डफिशचे मात्र हाल होतील. ६० लिटरचा टँक त्याच्या वाढत्या शरीरालाही अपुराच आहे. ओळखीत कोणाच्या अंगणात झाडाच्या दाट सावलीतला, जमिनीत निम्मा उतरलेला मोठा हौद असेल तर तिथे त्याला एप्रिलच्या आत पोचवा, कारण मातीच्या कुशीतले पाणी खोलीतल्या काचेच्या टँकपेक्षा पुष्कळ गार आणि स्थिर राहते. असे कोणी न मिळाल्यास दुकानदाराला परत द्या, पण फुटाळा किंवा अंबाझरी तलावात त्याला सोडू नका. तो तिथे मेला तर वाईटच, आणि जगून वाढला तर तिथल्या देशी माशांच्या वाट्याचे खाईल आणि तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ करील. नेताना पहाटेची वेळ धरा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, पिशवी थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, आणि तिथे पोचल्यावर ती हौदाच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवून, थर्मामीटरवरचे दोन्ही आकडे जुळल्यावरच त्याला सोडा.